निसटत्या पराभवांचा हंगाम

थंडीची माझी यादी दरवर्षी साधारण सारखीच असते. गोधड्यांना ऊन दाखवणे. गिझर तपासून घेणे. लाडवांसाठी डिंक आणि खारीक. सासूबाईंचं गुडघ्याचं तेल. बागायतदारांचे फोन सकाळी लवकर येणार, म्हणून मोबाइल आदल्या रात्रीच चार्जिंगला. कामं झाली की एकेका ओळीवर काट मारायची, ही माझी लहानपणापासूनची सवय. यादीच्या तळाशी एक ओळ मात्र अशी असते, की ती लिहायची म्हणून आठवावी लागत नाही, हात आपला आपण लिहितो. अण्णांना निकाल.

मी दिंडोरीला एका द्राक्ष निर्यातदाराच्या कार्यालयात काम करते. कोणत्या बागेतला माल कधी उतरायचा, मजुरांची टोळी कुठे पाठवायची, कंटेनर कधी भरायचा, अशी जुळवाजुळव. थंडी फार वाढली की बागायतदार पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. धूर वेलींखाली पसरून राहतो आणि घडांना थोडी ऊब मिळते. मागच्या आठवड्यात मी अशीच सकाळी लवकर एका बागेवर गेले होते. ठिबक सुरू होतं, माती ओली होती, ओल्या मातीवर धूर बसला होता. गाडीचं दार उघडलं आणि तो वास आला. बागायतदार मला मण्यांचा आकार दाखवत होते. मी हो हो म्हणत होते, पण मी तिथे नव्हतेच. मी मैदानाच्या कडेला उभी होते.

कबड्डीच्या मातीच्या मैदानाला सामन्याआधी असाच वास येतो. दुपारी पाणी मारलेलं असतं, त्यावर रूळ फिरवलेला असतो, फक्कीने रेषा आखलेल्या असतात, आणि झाडून काढलेला पालापाचोळा कोणीतरी कडेला पेटवून दिलेला असतो. पोरं त्या शेकोटीवर तळवे धरतात, हातांचे नव्हे, पायांचे. थंड मातीवर अनवाणी उतरायचं म्हणजे आधी पाय जागे करावे लागतात.

आता ज्याला इंटर्न म्हणतात, त्याला तेव्हा आमच्याकडे शिकाऊ म्हणायचे. वीसहून जास्त वर्षं झाली. नांदगावहून कॉलेजसाठी मी नाशिकला आले, पत्रकारितेचा अभ्यासक्रम केला आणि एका मराठी दैनिकाच्या क्रीडा विभागात एका हंगामापुरती शिकाऊ म्हणून लागले. दिवाळीनंतर सुरू होणारा आणि संक्रांत उलटल्यावर संपणारा कबड्डीचा हंगाम. आम्ही दोघं होतो. मी आणि मिलिंद. मिलिंद देवळाली कॅम्पचा, वडील लष्करातून निवृत्त. हंगाम संपल्यावर दोघांपैकी एकालाच ठेवता येईल, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगणारे होते कुलथे सर, क्रीडा पानाचे प्रमुख. माकडटोपी, खिशात बडीशेप आणि बोलण्यात काटकसर.

आमचं मुख्य काम फोनवर निकाल घेणं. तालुक्यातालुक्यांतून मंडळांचे चिटणीस संध्याकाळी फोन करायचे. सामना कुठे, कोण जिंकलं, किती गुण, कोणाच्या चढाया चांगल्या झाल्या, पकडी कोणी केल्या. आम्ही कानाला रिसीव्हर आणि हातात पेन धरून लिहून घ्यायचं. आणि इथे एक गोष्ट लक्षात यायची. जिंकलेल्या मंडळाचा फोन असेल तर समोरच्याचा 'धुव्वा' उडालेला असायचा. हरलेल्या मंडळाचा फोन असेल तर पराभव नेहमी 'निसटता' असायचा. सगळा जिल्हा एकमेकांचा धुव्वा उडवत होता आणि कोणीही नीट हरत नव्हतं.

यावर कुलथे सरांनी नियम करून ठेवला होता. पाच गुणांपर्यंत निसटता. त्यापुढे नुसता पराभव. वीसच्या पुढे एकतर्फी. "गुण म्हणजे बातमी," ते म्हणायचे, "बाकी सगळं मानपान. मानपान लग्नात बघायचा. माझं सासर हरलं तरी वीसच्या पुढे एकतर्फीच." दुसरा नियम नावांचा. कोणाचंही नाव घेतलं की पूर्ण नाव विचारायचं. 'गोरख' नावाचे जिल्ह्यात शंभर चढाईपटू असतील, आपण नेमका कोणता छापतोय?

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. फोन वाजला, मी उचलला.

"हॅलो. क्रीडा विभाग का?"

आवाज ओळखायला मला क्षणही लागला नाही. "अण्णा, मी बोलतेय."

पलीकडे घसा साफ झाला. मग त्याच ठाशीव आवाजात, "लिहून घ्या. नांदगाव. स्वल्पविराम. येथील बाजारतळ क्रीडा मंडळाच्या संघाला काल येवल्यात निसटता पराभव स्वीकारावा लागला. पूर्णविराम."

अण्णा म्हणजे माझे वडील. नांदगावच्या बाजारपेठेत आमचं शेतीच्या अवजारांचं दुकान होतं. नांगराचे फाळ, विळे, पंपाचे सुटे भाग. आणि ते बाजारतळ मंडळाचे चिटणीस होते, मला कळायला लागलं तेव्हापासून. आठवडे बाजाराचा दिवस सोडून उरलेले दिवस मंडळाची पोरं त्याच तळावर सराव करायची. घरात अण्णा आमच्यासारखंच, गावचं बोलायचे. पण पेपरला फोन लावला की त्यांची भाषा शाळेच्या पुस्तकातली व्हायची आणि विरामचिन्हंसुद्धा सांगितली जायची. लहानपणी मी एसटीडी बूथच्या काचेबाहेर उभी राहून त्यांचे ओठ बघायचे. कुठे स्वल्पविराम आला ते मला बाहेरून कळायचं, कारण तिथे ते एक बोट वर करायचे.

आता त्याच फोनच्या या टोकाला मी होते.

"किती गुणांनी, अण्णा?" मी विचारलं.

"लिहून घ्या ना."

"गुण लागतात."

"अठरा."

"मग निसटता नाही लिहिता येणार."

"का बरं?"

"नियम आहे."

"आजवर तर छापून आलंय."

"आजवर मी नव्हते."

शेजारच्या टेबलावर मिलिंद हसून कोसळायचा बाकी होता. अण्णांनी घसा खाकरला. "बरं. आपलं जेवण झालं का?" हे 'आपलं'सुद्धा पुस्तकातलंच. मी झालं म्हटलं. फोन ठेवला.

त्यानंतर मिलिंदला विषयच मिळाला. "काय गं, तुमच्या नांदगावात निसटता म्हणजे नेमकं किती? वजनात सांग. किलोत की क्विंटलमध्ये?" मी म्हणायचे, "तुमच्या कॅम्पात सकाळ बिगुलाने होते ना? मग तू दुपारी का उठतोस?" सर मान वर न करता म्हणायचे, "निफाडचा निकाल घ्या आधी."

त्या महिन्यांची माझ्याजवळ गोष्ट अशी नाही. तुकडे आहेत. सकाळी गंगापूर रोडने सायकलवर जाताना हातमोज्यांतूनही बोचणारं हँडल. रविवारी मिलिंद आणि मी मिसळ खायला जायचो, तो तर्री जास्त मागायचा आणि मग डोळे पुसत पंचांच्या चुका सांगायचा. फॅक्समधून गरम गरम निघणारा, कडा वळलेला कागद. माझं नाव नसलेल्या, पण मी लिहिलेल्या चार ओळी सकाळी पेपरात बघणं. बसमध्ये कोणीतरी शेजारी तेच पान वाचत असायचा आणि मला वाटायचं, याला सांगावं. कधी सांगितलं नाही. आजही कोणी क्रीडा पान उघडून बसलेलं दिसलं की माझी नजर तळाकडे जाते, तालुक्यांचे निकाल असतात तिथे. मोठ्या मथळ्यांखाली, बारीक अक्षरांत, कुणाचा तरी अण्णा तिथे उभा असतो.

आणि बूट. त्या वर्षीचे बूट.

त्या हंगामात पहिल्यांदाच असं ठरलं होतं, की जिल्हा स्पर्धेचे सामने मातीवर होतील, पण अंतिम सामना नाशिकला, बंदिस्त सभागृहात, मॅटवर. मॅटवर बूट घालणं सक्तीचं. बाजारतळच्या पोरांनी तोवर खेळायला बूट घातले नव्हते. गावातल्या व्यापाऱ्यांनी मिळून संघाला बूट घेऊन दिले. ते दसऱ्याच्या आधी आले. खंडेनवमीला आमच्या घरी दुकानातली अवजारं मांडून पूजा व्हायची. मी सुट्टीला घरी होते. विळे, फाळ, पाना, तराजू, आणि त्यांच्या शेजारी अण्णांनी बुटांचे डबे मांडायला घेतले.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, देवासमोर बूट?"

"ते अजून जमिनीला लागले नाय."

"म्हणून काय झालं? बूट ते बूट."

"अवजारं हायत ती. ह्या पोरांचं दुसरं अवजार कोणतं, सांग बरं."

आईने हळदीकुंकवाची कोयरी डब्यांपासून जरा लांब ठेवली. अण्णांनी ती ओढून घेतली आणि प्रत्येक डब्यावर कुंकवाचं बोट लावलं. संध्याकाळी पोरं मापं बघायला आली. अण्णांनी त्यांना खाटेवर बसवलं. पाय अधांतरी ठेवून बूट घातले, नाड्या बांधल्या, बोटं दाबून बघितली, आणि जमिनीला न टेकवता परत डब्यात. गोरख संघाचा कर्णधार, चढाईला त्याच्यासारखा कोणी नव्हता. तो म्हणाला, "अण्णा, जरा पळून बघू का?"

"मातीत घासून तळ गेला तर मॅटवर काय घालशील, माझी चप्पल?"

सगळे हसले. गोरखही हसला. डबे माळ्यावर गेले. पुढे मी घरी गेले की माळ्यावरून नव्या रबराचा वास यायचा. मला त्यात वावगं वाटलं नाही. आमच्या घरात नवी वस्तू अशीच वापरतात. नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक वर्षभर तसंच, पाहुण्यांच्या कपबशा पाहुणे गेल्यावर लगेच कपाटात. जपून ठेवलेली वस्तू वेळेला कामी येते, असं आम्ही धरून चालतो. माझ्या यादीतली अर्धी कामं आजही जपून ठेवण्याचीच असतात.

त्या वर्षी बाजारतळचा संघ असा काही खेळला की फोनवर अण्णांना विशेषणांची गरजच उरली नाही. येवल्यातला पराभव सरावसामन्यातला होता. जिल्हा स्पर्धेत मनमाड, चांदवड, सिन्नर, एकेक करत ते पुढे आले. अण्णांचा आवाज दर फोनला एक पायरी वर चढत होता. "लिहून घ्या," ते म्हणायचे आणि मी ऐकता ऐकता सरळ बसायचे. उपांत्य सामना जिंकला त्या दिवशी ते स्वल्पविराम सांगायला विसरले.

दुसरीकडून अंतिम सामन्यात कोण आलं? देवळाली कॅम्प.

कुलथे सरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. बडीशेप चघळली. "कॅम्पचा मुलगा आणि नांदगावची मुलगी. दोघंही जा. दोघांनीही लिहा, वेगवेगळं. मी एक छापेन." थोडं थांबून म्हणाले, "आणि त्यावरूनच ठरवेन. म्हणजे नंतर कोणी मला विचारायला नको."

सामना दुपारी होता. सभागृहात मातीचा वास नव्हता. निळी-पिवळी मॅट, ट्यूबलाइट, आणि आवाज भिंतींना आपटून दुप्पट होणारा. नांदगावचे लोक दोन टेम्पो भरून आले होते. मी पत्रकारांच्या टेबलावर, मिलिंदच्या शेजारी बसले. अण्णा खाली, संघाच्या बाकड्याशी. त्यांनी डबे आणले होते. पोरांनी ओळीने बसून बूट घातले, अण्णांनी एकेकाच्या नाडीची गाठ स्वतः बघितली. मग पोरं उभी राहिली.

पहिल्यांदा जमिनीला पाय टेकवल्यावर ती जशी चालली, ते मला आजही दिसतं. नवीन नवरीच्या पायात तंग जोडवी असावीत तशी. एकमेकांकडे बघत, पाऊल उचलून ठेवत.

गोरखची सगळी कला पायाच्या अंगठ्यात होती. मातीत तो अंगठा रोवायचा, त्यावर सगळं अंग वळवायचा आणि पकडायला आलेल्याचा हात हवेतच राहायचा. बुटात अंगठा बंद झाला होता. पहिल्या चढाईत तो वळला, पाय मात्र वळला नाही. दुसऱ्या चढाईत तो घसरला. कॅम्पची पोरं दिवाळीपासून मॅटवर सराव करत होती, त्यांचे बूट तळाला पांढरे पडले होते. ती चांगली खेळली, हे सांगायलाच हवं. बाजारतळवर लोण चढला, मग दुसरा. मध्यंतराला गोरखने बूट काढून ठेवले. पंचांनी शांतपणे ते परत घालायला सांगितले. टाचेवर फोड फुटून मोजा लाल झाला होता. अण्णांनी वाकून तो मोजा बघितला आणि तसेच वाकून राहिले, नाडी बांधायला लागावा त्याहून बराच जास्त वेळ.

मिलिंद माझ्याकडे बघत नव्हता. त्याचा संघ जिंकत होता आणि तो टाळ्या वाजवत नव्हता. त्या दिवशी त्याने मला एकही टोमणा मारला नाही.

बावीस गुणांनी हरलो. 'हरलो' हा शब्द मी आत्ता लिहितेय. तेव्हा मला 'हरले' असं लिहायचं होतं.

बाहेर टेम्पोशी गोरख लंगडत माझ्याजवळ आला. हातात बूट, पायात काही नाही. "ताई," तो म्हणाला, "गुण छापा, पण जरा बघून घ्या. गावात लय तोंडं हायत." मागून कोणीतरी म्हणालं, "निसटता तरी टाका. आपलीच हायेस ना तू." अण्णा टेम्पोच्या पलीकडे डबे मोजून ठेवत होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मिलिंदच्या स्कूटरवरून आम्ही कार्यालयात आलो. उजेड जात होता. मी कागद ओढला. पहिली ओळ लिहिली, विजेत्याचं नाव, गुण. एकतर्फी लिहिलं. तिथवर काही अवघड नव्हतं, नियम होता. पुढचं वाक्य अडलं. का हरले? बातमीत हे यायला हवं होतं. सर पहिलं तेच विचारणार होते. मॅटची सवय नव्हती, एवढं लिहून भागलं असतं. पण बूट तीन महिने माळ्यावर होते, हे मला माहीत होतं. दुसऱ्या कोणाला नव्हतं. लिहिलं तर गावात अण्णांची मान खाली जाणार. नाही लिहिलं तर पोरं नुसतीच कच्ची ठरणार, आणि माझ्या बातमीत एक भोक राहणार, जे मला दिसणार आणि बहुतेक सरांनाही. मिलिंदचं पेन भराभर चाललं होतं.

फोन वाजला. सरांनी उचलला, ऐकला आणि रिसीव्हर माझ्याकडे केला. "नांदगावचे चिटणीस आहेत."

"हॅलो. क्रीडा विभाग का?"

पाठीमागे बसचे हॉर्न होते. सीबीएस बसस्टँडसमोरच्या बूथवरून बोलत होते. "अण्णा, मी सामन्याला होते," मी म्हटलं. "माझ्याकडे सगळं आहे."

"लिहून घ्या."

मी पेन उचललं.

"नांदगाव. स्वल्पविराम. येथील बाजारतळ क्रीडा मंडळाच्या संघाला अंतिम सामन्यात..."

मागून पोरांचा आवाज आला, बूथचं दार उघडंच असणार. "अण्णा, निसटता म्हणा. अण्णा."

"गप रे," हे बाजूला. मग परत मला, "अंतिम सामन्यात एकतर्फी पराभव स्वीकारावा लागला. पूर्णविराम. घेतलं?"

"घेतलं."

"मॅटवर बूट घालून खेळण्याचा सराव संघास नव्हता. पूर्णविराम. संघाकडे बूट होते. स्वल्पविराम. परंतु ते सरावास न देण्याचा निर्णय मंडळाच्या चिटणीसांचा होता. पूर्णविराम."

मागचे आवाज बंद झाले.  मी शब्द न शब्द लिहिला. कुलथे सर माझ्याकडे बघत होते. कोणाचंही नाव घेतलं की पूर्ण नाव विचारायचं. मी विचारलं.

"चिटणीसांचं पूर्ण नाव?"

 माझ्या वडिलांनी स्वतःचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं, आडनाव सांगितलं. सावकाश, शाळेत हजेरी देतात तसं. आडनाव माझंच होतं, आणि त्यांचं नाव माझ्या नावाच्या मधोमध होतं. मी ते एखाद्या अनोळखी माणसाचं लिहावं तसं लिहून घेतलं.

"आपलं जेवण झालं का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"जेवून घ्या. आमची गाडी निघते."

सरांनी कागद वाचला. शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे ठेवायचं? उद्या तुझ्या घरी चूल पेटायची नाही."

"त्यांनीच सांगितलंय, सर."

"ऐकलं मी," ते म्हणाले आणि कागद टंकलेखनाला दिला. मिलिंदचा कागद त्यांनी नीट वाचला, घडी केली आणि त्याला परत दिला. मिलिंद माझ्याशी हस्तांदोलन करून म्हणाला, "तुला नाही, तुझ्या अण्णांना ठेवलंय त्यांनी." मला राग आला नाही. त्याचं खरं होतं. मिलिंद पुढे एका विमा कंपनीत लागला. आजही थंडीत कधीतरी भेटतो आणि किलो-क्विंटलची चौकशी करतो.

पेपर नांदगावला सकाळच्या गाडीने जायचा. तिथे काय झालं ते मला आईने नंतर, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी बातमी मोठ्याने वाचली. दुपारी गोरख घरी आला, पायाला पट्टी, आणि म्हणाला, "अण्णा, आमचं कुणाचंच नाव नाय आलं. तुमचं एकट्याचं आलं." अण्णा म्हणाले, "तुझं पुढल्या साली येईल." आईने त्याला जेवायला बसवलं. चूल पेटली होती.

पण पुढच्या हंगामाआधी मंडळाची बैठक झाली आणि नवा चिटणीस निवडला गेला. कोणी भांडलं नाही. अण्णांनी शिट्टी, पंप आणि मैदानाची दोरी एका पिशवीत घालून नेऊन दिली. मला हे कळलं ते असं. थंडी आली, संध्याकाळी फोन वाजला, मी उचलला, आणि एक तरुण आवाज म्हणाला, "म्याडम, नांदगाववरून बोलतोय, आपली टीम निसटती हरली."

मी गुण विचारले, लिहून घेतले. स्वल्पविराम कोणी सांगितला नाही. शेवटी जेवणाचं कोणी विचारलं नाही.

फोन ठेवला आणि तसाच परत उचलून घरचा नंबर लावला. अण्णांनीच घेतला.

"हॅलो," मी म्हटलं. "लिहून घ्या."

 पलीकडे कागदाची सळसळ. "थांब, चष्मा घेतो."

तेव्हापासून दर हंगामात मी त्यांना निकाल देते. काही वर्षांनी मी ती नोकरी सोडली, लग्न झालं, मूल झालं, दिंडोरीचं काम आलं. आता निकाल मला गावच्या ग्रुपवर येतात, चित्रफितींसकट. बाजारतळची पोरं आता सर्रास बूट घालतात, पहिल्या दिवसापासून, आणि महिन्याभरात फाडून टाकतात. अण्णांकडे मोबाइल आहे, भावाचा मुलगा त्यांना सगळं दाखवू शकतो. तरी ते बघत नाहीत. फोनची वाट बघतात. वय झालंय, ऐकू कमी येतं, म्हणून मला मोठ्याने बोलावं लागतं. कार्यालयातल्या मुली हसतात.

त्या बागेवरून परत येताना मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. ग्रुपवर निकाल आला होता. मी नंबर लावला.

"लिहून घ्या," मी ओरडून म्हटलं. "नांदगाव. स्वल्पविराम. येथील बाजारतळ क्रीडा मंडळाच्या संघाचा काल मालेगावात पराभव झाला. पूर्णविराम."

"निसटता ना?"

"सतरा गुणांनी हरलोय, अण्णा."

"म्हणजे निसटताच."

"नियम माहीत आहे ना तुम्हाला?"

ते हसले. त्या हसण्यात आता खोकला जास्त असतो. काचेबाहेर द्राक्षांच्या रांगांवरून धूर हळूहळू वर जात होता.

"छापायचं थोडंच हाय, बाई," ते म्हणाले. "घरात बोलतोय. जेवलीस का?"